पटाकडे कोण बघतं?

28 जुलै 2025 च्या संध्याकाळी माझ्या फोनवर एकच फोटो नऊ वेळा आला. दिव्या देशमुख आईला मिठी मारून रडते आहे, तो. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मावशी-माम्यांचा ग्रुप, सगळीकडे तोच. खाली ‘आपल्या नागपूरची पोरगी’ आणि तिरंग्यांची रांग. मीही तो चार ठिकाणी पुढे पाठवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषकाची अंतिम फेरी होती. 19 वर्षांची दिव्या विरुद्ध 38 वर्षांची कोनेरू हंपी. क्लासिकल प्रकारातले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांचा टायब्रेक. त्यातला पहिला डाव पुन्हा बरोबरीत, आणि दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी खेळून जिंकला. स्पर्धेला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरपदाचा एकही नॉर्म नव्हता. परतली ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर होऊन. रौनक साधवानी 2019 मध्ये, संकल्प गुप्ता 2021 मध्ये आणि आता दिव्या. संत्र्यांपलीकडे सांगण्यासारखं काहीतरी या शहराकडे आता आहे.

रात्री आमच्या बिल्डिंगमधले एक काका जिन्यात भेटले. निवृत्त माणूस. मला बुद्धिबळ शिकवतात. मी उत्साहाने फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, “डाव पाह्यला का?”

नव्हता पाहिला. सात महिन्यांपासून मी हा खेळ शिकत होते, जगातली एक मोठी लढत माझ्याच शहरातल्या मुलीने जिंकली होती, आणि मी त्या लढतीतली एकही चाल पाहिली नव्हती. मला मिठीचा फोटो आठवत होता, तिचा चष्मा आठवत होता. पट आठवत नव्हता, कारण तो मी पाहिलाच नव्हता.

त्या प्रश्नाने मला पुढचे काही महिने छळलं. बुद्धिबळावरच्या ज्या गोष्टी मला आवडतात, त्या मी पुन्हा वाचल्या, पुन्हा बघितल्या. एवढंच तपासायला, की या गोष्टी तरी पटाकडे बघतात का?

*

ही तक्रार दिव्याने आधीच करून ठेवली आहे. जानेवारी 2024 मध्ये ती नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथे टाटा स्टील स्पर्धेत खेळली. तेव्हा ती 18 वर्षांची होती. स्पर्धा संपल्यावर तिने इन्स्टाग्रामवर एक लांबलचक पोस्ट लिहिली. तिचं म्हणणं साधं होतं. आपले काही डाव चांगले झाले, आपल्याला त्यांचा अभिमान आहे, पण बघणाऱ्यांचं लक्ष होतं कपड्यांकडे, केसांकडे, बोलण्याच्या ढंगाकडे. पुरुष खेळाडूंबद्दल लोक त्यांच्या खेळावरून बोलतात, बायकांबद्दल खेळ सोडून इतर सगळ्यावरून.

पोस्ट गाजली, तिच्या बाजूने खूप लोक बोलले. पण ते बोलणंही तिच्याबद्दलच होतं, तिच्या धाडसाबद्दल होतं. जे डाव बघा असं ती म्हणत होती, ते किती जणांनी उघडून पाहिले? तेव्हा मला घोडा अडीच घरं जातो यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. मी पोस्टला लाईक दिला आणि खाली सरकले.

*

शिकायला बसले ती चोविसाव्या वर्षी, फोनवर. अ‍ॅप फुकट होतं, जगभरातले माझ्याइतकेच कच्चे लोक तिथे रात्रभर जागे होते, आणि माझ्याकडे एक हुकमी एक्का होता, चार चालींत मात. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, मग उंट बाहेर, मग वजीर पार पटाच्या कडेला, आणि चौथ्या चालीला वजिराने राजाशेजारचं प्यादं मारून मात. युट्यूबवर पाहून शिकले होते. पहिल्या आठवड्यात अकरा डाव जिंकले. वाटलं, आपल्यात काहीतरी आहे.

मग एक दिवस समोरच्याने तिसऱ्या चालीला एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. बस्स, एवढंच. माझा वजीर मागे घ्यावा लागला. तो मागे येतो न येतो तोच त्याचा घोडा बाहेर आला. त्याचे मोहरे एकेक करून मैदानात उतरत होते आणि मी वजीर घेऊन सैरावैरा पळत होते. पुढचे सहा डाव असेच गेले.

काकांना सांगितलं तर ते हसले नाहीत. लाकडी पट काढला, तोच डाव मांडायला लावला आणि तिसऱ्या चालीशी माझा हात धरून म्हणाले, “तू आपल्याच चाली खेळून राह्यली पोरी. त्याची चाल तं पाह्य आधी.”

आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या वाक्याने मला खेळ जास्त शिकवला. मोहरे कसे चालतात हे अर्ध्या तासात कळतं. त्यानंतर जे शिकायचं ते हे, की समोर एक माणूस आहे, त्याला काहीतरी हवं आहे आणि आत्ताच त्याने ते मला दाखवलं आहे. प्रत्येक चालीनंतर थांबून विचारायचं, हे त्याने का केलं? ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात माझा हात त्याच्या चालीच्या आधीच मोहऱ्यावर गेलेला असतो. मी भांडतेही तशीच, हे मला पटावर बसल्यावर समजलं.

हे एकदा कळलं की बुद्धिबळावरची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागते.

*

सुरुवात आपल्या बातम्यांपासून करू. मराठी वर्तमानपत्रांना बुद्धिबळाशिवाय राजकारण लिहिताच येत नाही. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की मथळ्यांमध्ये शह-काटशह सुरू होतात. कोणीतरी कोणाचं प्यादं असतं, कोणीतरी पडद्यामागचा वजीर असतो. या भाषेत ‘प्यादं’ म्हणजे वापरून फेकलेला माणूस.

पटावर मात्र प्यादं हा एकच मोहरा असा आहे जो वेगळा कोणी होऊ शकतो. हत्ती शेवटपर्यंत हत्तीच राहतो. प्यादं सगळ्यात हळू जातं, त्याला मागे वळता येत नाही, आणि म्हणूनच ते पुढे ढकलताना चांगल्या खेळाडूचाही हात अडखळतो. मोहरे कमी उरलेल्या डावाच्या शेवटी तर राजा स्वतः चालत जाऊन एका प्याद्याची राखण करतो. मथळे लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असतं तर ‘प्यादं’ ही शिवी राहिली नसती. खेळातून शब्द उचलला आणि खेळ तिथेच ठेवला, असं हे झालं आहे.

*

प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाड़ी’ ही कथा 1924 मधली, सत्यजित राय यांचा तिच्यावरचा चित्रपट 1977 मधला. 1856 चं लखनौ. इंग्रज अवध गिळायला टपलेले आहेत आणि मिर्झा आणि मीर हे दोन जहागीरदार दिवसरात्र डाव मांडून बसले आहेत. प्रेमचंदांच्या कथेत शेवटी दोघे खेळावरून तलवारी उपसतात आणि एकमेकांना मारतात. राय यांनी त्यांना जिवंत ठेवलं आहे. एक गोळी सुटते, शाल फाटते, आणि दोघे पुन्हा डाव मांडतात.

नागपूरच्या माणसाने हा चित्रपट जरा जवळून बघावा. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता गेले आणि 1854 मध्ये डलहौसीने आपलं राज्य खालसा केलं. लखनौचा नंबर आपल्यानंतर दोन वर्षांनी लागला.

राय यांची गोष्ट उघड आहे. हे दोघे लाकडी राजा वाचवत बसले आणि खरा राजा गेला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हे फार भेदक वाटलं होतं. आता शिकाऊ म्हणून बघताना एक गोष्ट खटकते. या गोष्टीसाठी बुद्धिबळच हवं होतं का? मीर आणि मिर्झा अफू ओढत असते, पतंग उडवत असते, तरी चाललं असतं. त्यांचा एकही डाव आपण पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत बघत नाही. मीर कसा खेळतो, मिर्झाची खोड काय, कोण घाई करतो, हे आपल्याला कळत नाही. वर्षानुवर्षं समोरच्याच्या मनातलं ओळखण्याचा सराव करणारा मीर स्वतःच्या घरात बायकोचा प्रियकर समोर आला तरी ओळखत नाही. त्याचं हसू येतं, पण प्रश्न उरतो. पटावरची त्याची नजर घरात का चालत नाही? पट दाखवला असता तर या प्रश्नाला वजन आलं असतं. कदाचित मीर पटावरही आपल्याच चाली खेळत असेल, माझ्यासारखा!

दोन प्रसंग मात्र खेळ जाणणाऱ्याने लिहिलेले आहेत. एकात मिर्झाची बायको मोहरे लपवते, आणि हे दोघे घरातल्या वस्तू मोहरे म्हणून मांडून खेळायला बसतात. अगदी खरं आहे हे. मोहऱ्याचं रूप महत्त्वाचं नसतं, तो कुठे उभा आहे ते महत्त्वाचं. दुसरा प्रसंग नियमांचा. मुन्शी नंदलाल दोघांना सांगतो की इंग्रजांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, वजिराच्या जागी राणी असते आणि डाव लवकर संपतो. शेवटी सगळं गमावल्यावर दोघे इंग्रजी पद्धतीने डाव मांडतात. राज्य गेलं हे तिथे नियमांतून कळतं. पूर्ण चित्रपटात बुद्धिबळ हे निमित्त न राहता विषय होतं ते याच क्षणी.

काका लहानपणी देशी नियमांनीच शिकले. प्यादं एकच घर जायचं. राजाला डावात एकदा घोड्याची चाल मिळायची. सगळे मोहरे मेले आणि एकटा राजा उरला की बुर्जी. मी चार चालींत मात दाखवली तेव्हा ते म्हणाले होते, “आमच्या टायमाला एवढी घाईच नव्हती.”

*

‘द क्वीन्स गॅम्बिट’ ऑक्टोबर 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी पट विकत घेतला. सात भाग. अनाथालयातली बेथ तळघरात सफाई कामगाराकडून खेळ शिकते आणि थेट मॉस्कोपर्यंत जाते. सल्लागार म्हणून गॅरी कास्पारोव्ह आणि ब्रूस पँडोल्फिनी होते, त्यामुळे पटावरच्या चाली खऱ्या आहेत. मग माझी तक्रार काय?

चाली खऱ्या आहेत, पण कॅमेरा चेहऱ्यावर आहे. बेथचे डोळे, बेथची नखं, बेथचे कपडे. डाव तिला छतावर दिसतात, सावल्यांचे मोहरे आपोआप हलतात. बघायला सुंदर आहे. पण त्यातून शिकणं म्हणजे एक दैवी दृष्टी ठरते, आणि समोरचा माणूस शोभेची वस्तू होतो. बेथ हरते तेव्हा दारूमुळे, गोळ्यांमुळे, आठवणींमुळे. समोरचा निव्वळ चांगला खेळला म्हणून ती हरली, असं मालिका क्वचितच म्हणू देते.

त्यातला मला पटलेला प्रसंग पहिल्याच भागात आहे. लहानगी बेथ वजीर गमावते आणि खेळत राहू बघते. तळघरातले मिस्टर शैबेल तिला सांगतात, आता डाव सोडायचा. ती चिडते. तिला हा नियम कोणी सांगितलेला नसतो. हरलो हे स्वतः ओळखून राजा आडवा करायचा, हे चार चालींच्या मातीपेक्षा कितीतरी अवघड आहे. मला अजून जमत नाही.

समोरच्याकडे न बघण्याची मालिकेला किंमतही मोजावी लागली. शेवटच्या भागात एक समालोचक नोना गाप्रिंदाश्विली यांचं नाव घेऊन सांगतो की त्या महिला विजेत्या आहेत, पण पुरुषांशी कधी खेळल्या नाहीत. नोना याच जॉर्जियाच्या, जिथे दिव्या जिंकली. वर्षानुवर्षं महिलांच्या विश्वविजेत्या. गोष्ट ज्या 1968 सालात घडते तोवर त्या डझनावारी पुरुषांशी खेळून चुकल्या होत्या. पुढे 1978 मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर खटला भरला, 2022 मध्ये तो तडजोडीने मिटला. एका कल्पित मुलीला ‘पहिली’ ठरवण्यासाठी खऱ्या बाईचे डाव पुसले गेले. ते डाव छापलेले आहेत, आकड्या-अक्षरांत. कोणीही मांडून बघू शकतं. लिहिणाऱ्यांनी फक्त बघायचं होतं.

*

आपल्याकडेही अशी गोष्ट आहे, आणि मला ती विशीनंतर कळली. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. 1974 मध्ये झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली. 1976 मध्ये 13 वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. असं करणारी ती पहिली. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह, जे स्वतः विश्वविजेते राहिले होते, त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय स्पर्धांमधून स्त्रियांना वगळता येणार नाही. 1981 मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.

समोर 13 वर्षांची मुलगी बसली म्हणून मोठ्या माणसांना अडचण होते, या एका चित्रात कादंबरी आहे. पण ती लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावं. कोर्टाचं प्रकरण दोन पानांत आटपावं आणि रोहिणीचा एक डाव तरी पूर्ण मांडावा, तिच्याकडून आणि तिच्याशी हरायला घाबरणाऱ्या माणसाकडूनही.

गंमत म्हणजे मराठी पटावर बाई नाहीच. राय यांच्या चित्रपटात राणी आली, इंग्रजीत ती आहे, आपण आजही वजीरच म्हणतो. मला ते बदलायची घाई नाही. दिव्या काय, रोहिणी काय, त्या पटाच्या आत नाहीत. त्या पटासमोर बसलेल्या आहेत आणि मोहरे हलवत आहेत.

*

पटाकडे खरोखर बघणारी एक गोष्ट मला सापडली. ऑस्ट्रियन लेखक श्टेफान झ्वाइग यांची 1942 मधली शेवटची दीर्घकथा. डॉक्टर बी. नावाचा माणूस नाझींच्या कैदेत एका खोलीत एकटा आहे. बोलायला माणूस नाही, वाचायला कागद नाही. तो एक पुस्तक चोरतो. निघतं ते उस्तादांच्या 150 डावांचं. तो सगळे डाव पाठ करतो, मग स्वतःचेच दोन भाग करून स्वतःशी खेळायला लागतो, आणि वेडाच्या काठावर पोचतो.

सुटकेनंतर एका जहाजावर तो जगज्जेत्यासमोर बसतो. पहिला डाव जिंकतो. दुसऱ्यात जगज्जेता मुद्दाम हळू खेळतो, आणि वाट बघता बघता डॉक्टर बी.च्या डोक्यात दुसरेच डाव सुरू होतात. मध्येच तो मोठ्याने शह देतो. सगळे पटाकडे बघतात. पटावर शह नसतोच. तो वेगळ्याच डावाला शह देत असतो.

ही कथा वाचून मी फोनवरचं कॉम्प्युटरशी खेळणं कमी केलं, एवढं तिचं देणं आहे. प्रतिभा, स्मरण, 150 डाव, सगळं डॉक्टर बी.कडे आहे. समोर माणूस असण्याची सवय तेवढी गेली आहे. काकांचं वाक्य झ्वाइग यांनी उलट्या बाजूने लिहिलं आहे.

*

आम्ही आता दिव्याचे डाव मांडतो आहोत. सुरुवात काकांनी निवडली, उपांत्य फेरीतला माजी विश्वविजेती टॅन झोंगयीविरुद्धचा डाव. 101 चाली. फोनवर बाण दाबत गेलं तर पाच मिनिटांत संपतो. काका फोनला हात लावू देत नाहीत. मी चाल वाचायची, त्यांनी लाकडी पटावर करायची, आणि पुढची वाचण्याआधी दोघांनी अंदाज सांगायचा.

माझे अंदाज बहुतेक चुकतात. जिथे मला मारामारी दिसते तिथे दिव्या एखादा मोहरा एक घर सरकवून थांबते, आणि मग आम्ही चहा पीत ‘काऊन?’ करत बसतो. काही वेळा उत्तर सापडतं. बऱ्याच वेळा नाही. मध्ये एकदा माझी मावशी आली, आम्हाला बघून म्हणाली, जिंकलीच ना ती, मग एवढं काय बघता?

काल चाल 62 वर थांबलो. काकांचं म्हणणं आहे की तिथे टॅनने काय खेळायला हवं होतं ते आधी शोधायचं. अंतिम फेरी त्यानंतर.